साडेसहा टक्के मिठात वाढलं म्हणजे समुद्री झालं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तू वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचं पाणी, ओली वाळू आणि बाजारातला सुका जवळा घेतलास, एमआरएस ब्रॉथमध्ये (लॅक्टिक बॅक्टेरिया वाढवायच्या नेहमीच्या द्रव मीडियात) साडेसहा टक्के मीठ घालून ३७ डिग्रीला ठेवलंस, दोन दिवसांत तिन्ही ट्यूब गढूळ झाल्या, प्लेटवर बारीक पांढऱ्या कॉलनी आल्या, ग्राम पॉझिटिव्ह (ग्रामच्या रंगात जांभळ्या), कॅटॅलेज निगेटिव्ह (पेरॉक्साइड टाकलं तरी बुडबुडे नाहीत), गोल पेशी. आता तू विचारतेस की ह्यांना समुद्री लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया (साखरेपासून लॅक्टिक अ‍ॅसिड करणारे, दह्या-लोणच्यातले) म्हणता येईल का, आणि हेच स्टार्टर, म्हणजे विरजण म्हणून वापरून घरच्या घरी बांगडा आंबवता येईल का, फिश सॉससारखं काहीतरी.

पहिल्याचं उत्तर, बहुतेक नाही. दुसऱ्याचं उत्तर, ह्या कल्चरने तर अजिबात नाही. पण विषय सोडू नकोस, कारण विषय खरंच फार चांगला आहे आणि आपल्या किनाऱ्यावर ह्यावर करण्यासारखं भरपूर आहे, फक्त सुरुवात दुसरीकडून करायला हवी. मी मुंबईत फूड मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, खारवलेली मासळी, लोणची, सॉस, चीज हे सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

सगळ्यात आधी तो साडेसहा टक्क्यांचा आकडा. हा आकडा आला कुठून हे बघ. शर्मन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले तेव्हा आतड्यातल्या गटाला, म्हणजे आज आपण ज्यांना एन्टेरोकोकस म्हणतो त्यांना, वेगळं ओळखायला काही कसोट्या दिल्या: १० डिग्रीला वाढतो आणि ४५ ला पण वाढतो, साडेसहा टक्के मिठात वाढतो, पीएच ९.६ ला वाढतो, ६० डिग्रीला अर्धा तास ठेवला तरी जगतो. म्हणजे तू जी कंडिशन लावलीस ती मुळात आतड्यातले जंतू ओळखायची कंडिशन आहे. त्यात ३७ डिग्री, म्हणजे माणसाच्या अंगाचं तापमान. आणि सॅम्पल कुठलं, तर वर्सोव्याचं, जिथे मालाडची खाडी येऊन मिळते आणि त्या खाडीतून काय काय येतं हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. एन्टेरोकोकस खाऱ्या पाण्यात कोलीफॉर्म ह्या आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंपेक्षा जास्त तग धरतात, म्हणूनच तर अमेरिकेच्या ईपीए ह्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये समुद्रात पोहण्याच्या जागांसाठी एन्टेरोकोकसची मोजणी हा सांडपाण्याचा निकष धरला. तेव्हा तुझ्या ट्यूबमध्ये जे वाढलंय ते समुद्राचं असण्यापेक्षा नाल्याचं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जवळ्याचंही तेच, तो किनाऱ्यावर वाळत घातला जातो, कावळे, कुत्री, हात, टोपल्या, सगळ्यांचा संपर्क येतो.

आता न बघता मी छातीठोकपणे एन्टेरोकोकसच आहे म्हणणार नाही. पेडिओकोकस, वाइसेला, एरोकोकस हे पण ह्या कंडिशनला येऊ शकतात. तेव्हा बाईल एस्क्युलिन अगारवर (एन्टेरोकोकस ओळखायला वापरतात त्या मीडियावर) रेघ मार, चोवीस तासांत मीडिया काळा पडला आणि तीच कॉलनी ४५ डिग्रीला पण वाढली तर संशय पक्का होत जाईल. आणि मायक्रोस्कोपखाली बघताना प्लेटवरची कॉलनी घेऊ नकोस, ब्रॉथमधला थेंब घे, कारण पेशींची मांडणी ब्रॉथमध्येच नीट दिसते, प्लेटवरची कॉलनी स्लाईडवर पसरताना सगळं मोडून जातं. जोड्या आणि आखूड माळा दिसल्या तर एन्टेरोकोकसकडे बघायचं, चार-चारचे चौकोनी गठ्ठे दिसले तर पेडिओकोकस, टेट्राजेनोकोकस किंवा एरोकोकस. चौकोन दिसला की पोरं लगेच टेट्राजेनोकोकस (खाऱ्या पदार्थांतला नावाजलेला लॅक्टिक, पुढे येईलच) लिहून मोकळी होतात, घाई करू नकोस. एरोकोकस समुद्रात सापडतो, चौकोन करतो, साडेसहा टक्के मीठ सहज सोसतो, कॅटॅलेज निगेटिव्ह किंवा अगदी मंद, आणि त्याचा एक प्रकार लॉबस्टरला मारणारा रोग करतो. दिसायला सगळे भाऊ-भाऊ वाटतात.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. मीठ सोसणं वेगळं आणि मीठ लागणं वेगळं. विरारच्या गर्दीत उभा राहून रोज चर्चगेटला जाणारा माणूस गर्दी सोसतो, त्याला गर्दी हवी असते असं नाही, डबा रिकामा मिळाला तर तो सुखाने बसेल. तसंच बहुतेक लॅक्टिक बॅक्टेरियांचं आहे. लोणच्यातला, सावरक्राऊटमधला (आंबवलेल्या कोबीतला) प्लँटॅरम नावाचा लॅक्टिक घे, तो सहा-आठ टक्के मिठात वाढेल पण मीठ काढून टाकलंस तर आणखी जोरात वाढेल. हा हॅलोटॉलरंट. आणि ज्याची वाढ मीठ नसताना मंदावते, थोडं मीठ घातलं की जोर धरते, तो हॅलोफिलिक. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के. मग जो जीव खरोखर समुद्रात राहतो त्याची सगळ्यात चांगली वाढ ह्या साडेतीनच्या आसपास कुठेतरी दिसायला पाहिजे, साडेसहाला तो जगतो की नाही ह्यावरून काहीच कळत नाही. म्हणून एकच आकडा घेऊन बसू नकोस, पूर्ण ग्राफ काढ. शून्य, एक, दोन, साडेतीन, सात, बारा, अठरा टक्के, प्रत्येकात वाढीचा वेग मोज, आणि हे सगळं दोन वेगळ्या पीएचला कर. तुझ्या प्रोजेक्टचा जीव ह्या ग्राफमध्ये आहे, नावाच्या यादीत नाही.

मीठ सोसायला हे जंतू करतात काय, तर बाहेर खारटपणा वाढला की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, ते थांबवायला आत असं काहीतरी साठवावं लागतं जे पाणी धरून ठेवेल पण एन्झाइमच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. ग्लायसीन बीटेन, कार्निटिन, प्रोलीन अशी रेणूंची नावं आहेत. गंमत म्हणजे बहुतेक लॅक्टिक बॅक्टेरिया हे स्वतः बनवत नाहीत, बाहेरून आयते ओढून घेतात. आणि तुझ्या एमआरएसमध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि बीफ एक्स्ट्रॅक्ट आहे, म्हणजे ही सामग्री ताटात वाढूनच ठेवलेली आहे. त्यामुळे एमआरएसमध्ये जो जंतू आठ टक्के सोसतो तो साध्या, गरीब मीडियात चार टक्क्यांनाच मान टाकू शकतो. हे लक्षात ठेव, कारण पेपरांमधले सहनशक्तीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ह्याचं हे एक मोठं कारण आहे. समुद्रात ही सामग्री कोण पुरवतं? कोलंबी, माकुळ, कालवं, शिंपल्या ह्यांच्या अंगात बीटेन भरपूर असतं, कारण त्यांनाही त्याच खाऱ्या पाण्यात राहायचं असतं (कोलंबीच्या गोडीत ग्लायसीनसोबत ह्या बीटेनचाही वाटा असतो). म्हणून नुसत्या पाण्यात लॅक्टिक बॅक्टेरिया शोधण्यात फारसा अर्थ नाही. समुद्राच्या उघड्या पाण्यात साखर नाही, खायला काही नाही, आणि हे तर खादाड जीव, ह्यांना अमिनो अ‍ॅसिडं, व्हिटॅमिनं सगळं तयार लागतं. ते सापडतात जिथे काहीतरी कुजतंय किंवा काहीतरी जिवंत आहे त्याच्या अंगावर: सडणारं शेवाळ, स्पंज, शिंपल्या, माशाचं आतडं.

आणि खरोखरच तसे सापडलेत. जपानमध्ये इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मरिनिलॅक्टिबॅसिलस सायक्रोटॉलरन्स नावाचा जंतू वर्णन केला, जिवंत स्पंज, कुजणारं समुद्री शेवाळ आणि कच्चा समुद्री शंख अशा ठिकाणांहून काढलेला. तो उणे १.८ डिग्रीपासून ४० डिग्रीपर्यंत वाढतो, मीठ शून्यापासून सतरा-वीस टक्क्यांपर्यंत सोसतो, पण त्याची सगळ्यात चांगली वाढ कुठे, तर दोन ते पावणेचार टक्क्यांना, म्हणजे बरोब्बर समुद्राच्या पाण्याएवढ्या मिठाला. आणि पीएच ८ ते ९ ला! लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया आणि पीएच ९, आपल्याला शिकवलेलं सगळं उलटं. मग २००५ मध्ये त्याच गटाने मिउरा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरून हॅलोलॅक्टिबॅसिलसच्या दोन जाती दिल्या, त्या तर चोवीस-पंचवीस टक्के मिठापर्यंत तग धरतात आणि तरी त्यांची आवड दोन-तीन टक्क्यांचीच. त्याच वर्षी नानकाई ट्रफमध्ये समुद्राच्या तळाखालच्या गाळातून मरिनिलॅक्टिबॅसिलसची दुसरी जात निघाली, खोल समुद्राचा दाब सोसणारी. तिसरं नाव अल्कलीबॅक्टेरियम, २००९ मध्ये जपान आणि थायलंडच्या समुद्री जीवांतून आणि खारवलेल्या पदार्थांतून त्याच्या जाती आल्या, त्यातल्या एकीचं नावच थायलंडच्या कापी नावाच्या कोळंबीच्या पेस्टवरून ठेवलंय.

आता ह्यातून तुला काय घ्यायचंय ते बघ. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१, आणि त्यात बायकार्बोनेट असल्यामुळे थोडंफार अ‍ॅसिड आलं तरी पाणी ते पचवून टाकतं. दह्यात जसं अ‍ॅसिड साठत जातं आणि बाकीच्यांना हाकलतं तसं समुद्रात होतच नाही. म्हणून तिथले लॅक्टिक जीव अल्कलीकडे झुकलेले. त्यांचं अन्न पचवण्याचं गणितही पीएचप्रमाणे बदलतं, अल्कली बाजूला गेलं की लॅक्टिक अ‍ॅसिड कमी आणि फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, इथेनॉल जास्त, दोनास एकास एक ह्या प्रमाणात. आणि तुझा एमआरएस? डे मॅन, रोगोसा आणि शार्प ह्यांनी १९६० मध्ये केलेला मीडिया, पीएच ६.२ ते ६.५, त्यात अ‍ॅसिटेट घातलेलं, हेतूच हा की नको ते जंतू मागे राहावेत आणि दुधा-भाज्यांमधले लॅक्टोबॅसिलस पुढे यावेत. हॅलोलॅक्टिबॅसिलसची खालची मर्यादाच पीएच ६ ते ६.५ च्या आसपास आहे. म्हणजे ज्यांना शोधायचंय त्यांच्यासाठी तू दार लावून घेतलंस आणि जमिनीवरून वाहत आलेल्यांसाठी उघडं ठेवलंस. ह्यात तुझा दोष नाही, आपल्याकडे लॅक्टिक म्हटलं की फ्रीजमधून एमआरएसचाच डबा निघतो, शिकवणाऱ्यांनीही कधी विचार केलेला नसतो.

मग करायचं काय. ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन असलेला साधा ब्रॉथ घे, मीठ सात टक्के, पीएच ९.५ च्या आसपास. सात टक्के कशाला, आवड तर दोन-तीनची आहे ना, असं विचारशील. ते इतरांना मागे ठेवण्यासाठी, एकदा शुद्ध कल्चर मिळालं की मग ग्राफ काढून खरी आवड बघायची. ग्लुकोज आणि कार्बोनेट बफर वेगवेगळे निर्जंतुक कर आणि थंड झाल्यावर मिसळ, कारण अल्कलीत ग्लुकोज घालून ऑटोक्लेव्ह केलंस तर मीडिया चहासारखा तपकिरी होऊन बाहेर येईल आणि त्यात काय वाढेल, काय नाही ह्याचा भरवसा राहणार नाही. हवेशिवाय ठेव, ३० डिग्रीला, आणि दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून फेकून देऊ नकोस, आठवडाभर थांब. ऑटोक्लेव्हनंतर पीएच परत मोज, तो सरकलेला असू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट, अ‍ॅसिड दाखवायला आपण सवयीने ब्रोमोक्रेसॉल पर्पल घालतो, त्याचा रंग पीएच ६.८ ते ५.२ मध्ये बदलतो. तुझा जंतू ९.५ वरून पीएच ८ वर आणून थांबला तर तुला जांभळाच रंग दिसत राहील आणि तू म्हणशील अ‍ॅसिड नाही. थायमॉल ब्लू घाल, तो ९.६ ते ८ मध्ये निळ्यावरून पिवळ्यावर येतो, किंवा सरळ मीटरने मोज. खडूच्या प्लेटवर कॉलनीभोवती जे पारदर्शक वलय येतं त्याच्यावरही इथे विसंबू नकोस, एवढ्या अल्कलीत खडू विरघळत नाही. कॅटॅलेज मात्र प्रत्येक कॉलनीला कर, ह्या मीडियावर बॅसिलस आणि त्याचे भाऊबंद भरमसाट येतात आणि त्यातले बहुतेक बुडबुडे काढतात, ते तिथल्या तिथे बाद करता येतात.

सॅम्पल कुठून घ्यायचं? मुंबईतच घ्यायचं असेल तर ओहोटीच्या वेळेला खडकावर अडकून कुजत पडलेलं हिरवं शेवाळ घे, अल्व्हा म्हणजे ते लेट्यूससारखं पातळ पान असतं ते, बँडस्टँडच्या खडकांवर मिळेल. खडकाच्या खालच्या बाजूला चिकटलेला स्पंज मिळाला तर उत्तमच. सॅम्पल गाळलेल्या, उकळलेल्या समुद्राच्या पाण्याने दोन-तीनदा धू, म्हणजे वरवर बसलेलं निघून जाईल आणि जे खरंच चिकटून राहतंय तेच हाती लागेल. त्याच ठिकाणी एन्टेरोकोकसची मोजणी पण कर, बाजूबाजूला, म्हणजे सांडपाण्याचा प्रभाव किती हे तुझ्याच आकड्यांतून दिसेल आणि गाईड काय, परीक्षक काय, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर तयार. पावसाळ्यात सॅम्पल घेऊन निष्कर्ष काढू नकोस, खाडीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ गोडं होतं आणि अख्ख्या शहराची धुणावळ त्यात असते. मे महिन्यातलं आणि ऑगस्टमधलं असं दोन्ही मिळालं तर तुलना सुंदर होईल. जमलं तर मालवण किंवा रत्नागिरीच्या बाजूचं एक स्वच्छ ठिकाण घेच. आणि भांडुप-मुलुंडकडचं एखादं मिठागर अजून चालू असेल तर बघ, तिथलं पाणी हळूहळू आटत दाट होत जातं, एका ठिकाणी उभं राहून वेगवेगळ्या खारटपणाचं पाणी मिळतं, जगात कितीजणांना हे लोकलच्या अंतरावर मिळतं? एक नाव आणखी सुचवते, लोणार. खारं आणि अल्कली दोन्ही. हॅलोलॅक्टिबॅसिलसची एक जात इनर मंगोलियातल्या सोडा सरोवरातून २००८ मध्ये निघालीय, म्हणजे लोणारच्या काठावर कुजणाऱ्या काडीकचऱ्यात शोधणं हा काही हवेतला विचार नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल, ते मात्र लॅक्टिक नव्हे, ते हॅलोआर्किया, म्हणजे मीठप्रेमी आर्किया, बॅक्टेरियापासून वेगळ्या गटातले सूक्ष्म जीव, पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं होतं.

ह्याच मीठप्रेमी आर्कियामुळे खाऱ्या मासळीवर कधी कधी लालसर-गुलाबी चिकट थर येतो. मिठागरातल्या मिठातूनच ते येतात. कोळणी मावश्या लाली चढलेला माल बाजूला काढतात ते योग्यच करतात, त्याने माणूस आजारी पडतो म्हणून नव्हे, पण मासळीचा पोत बिघडतो, वास येतो आणि ओल लागली होती हे कळतं.

आता खाण्यातले. मिठातला खरा राजा म्हणजे टेट्राजेनोकोकस हॅलोफिलस, पूर्वी ह्याला पेडिओकोकस हॅलोफिलस म्हणायचे, १९९० मध्ये वेगळा काढला. जपानी सोया सॉसच्या मोरोमीत, म्हणजे त्या सोयाबीन-गव्हाच्या खाऱ्या रबडीत, सतरा-अठरा टक्के मीठ असतं, तिथे हा आधी येतो, पीएच सहाच्या आसपासून पाचच्या आसपास आणतो आणि मग झायगोसॅकरोमायसिस रॉक्सी नावाचं यीस्ट पुढचं काम, सुगंधाचं, हातात घेतं. एकाने जागा करून द्यायची, दुसऱ्याने बसायचं. पण इथे सोया सॉसमध्ये काय आहे लक्षात आलं का? गहू. म्हणजे साखर. कोजी बुरशीने स्टार्च फोडून साखर दिलेली आहे, म्हणून अ‍ॅसिड बनतं.

माशात काय आहे? प्रथिनं, पाणी, थोडी चरबी, साखर जवळजवळ नाहीच. आणि इथे तुझा दुसरा प्रश्न येतो. नुसता बांगडा आणि मीठ ह्यात लॅक्टिक बॅक्टेरिया कितीही चांगला टाकलास तरी तो अ‍ॅसिड बनवणार कशातून? म्हणून जगात जिथे मासे खरोखर आंबवून आंबट करतात तिथे बहुतेक वेळा भात असतो. जपानची फुनाझुशी, फिलिपिन्सचं बुरोंग इस्दा, थायलंडचं प्ला सोम, सगळीकडे भात. थायलंडच्या सोम फाकमध्ये भातासोबत लसूण भरपूर घालतात आणि लसणीतलं फ्रुक्टॅन, म्हणजे साखरेची लांब साखळी, प्लँटॅरमला खायला मिळतं, लसूण तिथे नुसती चवीला नाही. आणि फिश सॉस ही वेगळीच गोष्ट आहे, तिथे तीन भाग मासा आणि एक भाग मीठ, वर्ष-दीड वर्ष. हिशोब करून बघ, शंभर ग्रॅम माशात पाऊणशे ग्रॅम पाणी, त्यावर तेहेतीस ग्रॅम मीठ, म्हणजे पाणी पूर्ण संपृक्त होऊन मीठ खाली उरतं. अशा पाण्यात सव्वीस टक्के मीठ, तिथे टेट्राजेनोकोकससुद्धा कसाबसा टिकून असतो. मासा जो विरघळतो तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या आतड्यातल्या आणि स्नायूंतल्या एन्झाइममुळे, बॅक्टेरियाचा वाटा वासा-चवीपुरता. आपल्या कोकणात ही परंपरा फारशी नाही, आपण मासा वाळवतो किंवा खारवतो, वलांडीवरचे (बांबूच्या मांडवावर टांगलेले) बोंबील हे उन्हाचं आणि वाऱ्याचं काम आहे, बॅक्टेरियाचं नाही. कर्नाटक-मलबारच्या बाजूला बांगडा साफ करून मीठ आणि आंबट आमसुली फळाच्या सालीसोबत पिंपात भरायची कोलंबो क्युअरिंग नावाची पद्धत होती, तिथे आंबटपणा फळातून येत होता.

घरी करू नकोस असं मी का म्हणते तेही नीट सांगते. बांगडा, कुपा ह्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो अ‍ॅसिड भरपूर. मासा उन्हात पडून राहिला की मॉर्गनेलासारखे जंतू त्याचं हिस्टामिन करतात, अंगावर पुरळ, तोंड लाल, डोकं ठणकणं, लोकांना वाटतं माशाची अ‍ॅलर्जी. हे हिस्टामिन मिठाने जात नाही, तळल्याने जात नाही, उकळल्याने जात नाही. एकदा झालं ते झालं. म्हणजे खारा बांगडा करायचा तरी मासा होडीतून उतरल्यापासून बर्फात हवा, शिळा मासा मिठात घालून वाचत नाही. आणि वाईट म्हणजे मीठप्रेमी लॅक्टिकमध्येही हिस्टामिन करणारे आहेत. टेट्राजेनोकोकस म्युरिअ‍ॅटिकस जपानच्या स्क्विडच्या यकृताच्या सॉसमधून १९९७ मध्ये निघाला तो हिस्टामिन करणाराच. हॅलोफिलसच्या काही स्ट्रेनमध्ये हिस्टामिन करायचं जीन प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून सुट्या छोट्या कड्यावर, बसलेलं असतं, म्हणजे एका स्ट्रेनमध्ये आहे, शेजारच्यात नाही. त्यामुळे 'टेट्राजेनोकोकस आहे म्हणजे सुरक्षित' हे वाक्यच चुकीचं, प्रत्येक स्ट्रेनला हिस्टिडीन डिकार्बोक्सिलेजच्या जीनसाठी पीसीआर करावाच लागतो. कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) फिश सॉसच्या २०११ च्या स्टँडर्डमध्ये हिस्टामिनची मर्यादा किलोला ४०० मिलिग्रॅम आहे, ती उगाच नाही. एन्टेरोकोकस तर टायरामिन, म्हणजे हिस्टामिनसारखंच त्रासदायक दुसरं रसायन, करण्यात पटाईत, शिवाय अँटिबायोटिकला दाद न देणारी जीन घेऊन फिरणारे, ते मी स्टार्टर म्हणून कोणाच्याही ताटात जाऊ देणार नाही.

आणि बोट्युलिझम, म्हणजे हवाबंद अन्नात जंतूने केलेल्या जीवघेण्या विषाची बाधा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला थांबवायला पाण्याच्या भागात दहा टक्के मीठ लागतं किंवा पीएच ४.६ च्या खाली. तुझ्या साडेसहा टक्क्यांत, साखर नसलेल्या माशात, मुंबईच्या तीस-बत्तीस डिग्रीच्या स्वयंपाकघरात, झाकण घट्ट लावलेल्या बरणीत, ह्यातलं एकही होत नाही. वरून मीठ मासाभर पोचायला वेळ लागतो, अख्ख्या बांगड्याच्या मध्यभागी दोन दिवसांनीही कमी मीठ असू शकतं. हातावरचा स्टॅफिलोकोकस ऑरियस तर दहा काय, पंधरा टक्के मिठातही वाढतो आणि त्याचं विष उकळून जात नाही. तेव्हा नको म्हणजे नको.

शिकायचंच असेल तर भाजीवर शीक. खारातल्या मिरच्या, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, गाजर, एकूण वजनाच्या तीन टक्के मीठ आणि दुसऱ्या बॅचला सहा, रोज पीएच मोज आणि प्लेट लाव. कमी मिठात आधी ल्युकोनोस्टॉक नावाचा लॅक्टिक येतो मग प्लँटॅरम, मीठ वाढवलंस की ल्युकोनोस्टॉक मागे पडतो आणि पेडिओकोकस, प्लँटॅरम पुढे येतात, पीएच पडायला जास्त दिवस लागतात. मिठाने कोण आधी येईल हे ठरतं ते डोळ्यासमोर बघायला मिळेल. तेलातलं कैरीचं लोणचं ह्यासाठी घेऊ नकोस, त्यात मीठ, आंबटपणा आणि तेल मिळूनच काम करतात, बॅक्टेरिया फार काही करत नाहीत.

समुद्री लॅक्टिकचा खाण्यात उपयोग होत नाही असं मात्र समजू नकोस. युरोपातल्या धुऊन पिकवलेल्या मऊ चीजच्या पृष्ठभागावर मरिनिलॅक्टिबॅसिलस आणि अल्कलीबॅक्टेरियम दोन्ही सापडलेत. चीजची साल पिकताना अल्कली होते, वर खाऱ्या पाण्याचे हात फिरतात, म्हणजे समुद्रासारखीच परिस्थिती, दुधाच्या घरात. तिथे लिस्टेरियाला (अन्नातून गंभीर आजार करणाऱ्या जंतूला) रोखणाऱ्या जंतूंच्या मिश्रणात त्यांचा अभ्यास झालाय. लिस्टेरिया स्वतः दहा टक्के मीठ सोसते, फ्रीजमध्ये वाढते, तिला रोखायला तशाच खाऱ्या-थंड जागेत राहणारा कोणीतरी लागणार. मला स्वतःला ह्या दिशेत सगळ्यात जास्त दम वाटतो. पालघर-रायगडच्या वेनामी कोळंबीच्या तलावांसाठी प्रोबायोटिक म्हणूनही लॅक्टिक वापरतात, पण बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं गोड्या जगातलं आहे, निमखाऱ्या पाण्यात ते किती दिवस जिवंत राहतं हे मोजणं हाच एक चांगला प्रोजेक्ट होईल.

ओळख पटवायला १६एस (बॅक्टेरिया ओळखायचं नेहमीचं जीन) सिक्वेन्स कर, पण प्लँटॅरम, पेंटोसस, पॅराप्लँटॅरम हे तिघं १६एसवर वेगळे होत नाहीत, तिथे रेकए नावाचं दुसरं जीन बघावं लागेल. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचं जुनं घर फोडून तेवीस नवे जीनस केलेत, तेव्हा रिपोर्टमध्ये लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम असं लिही. वेगळं काही मिळालं तर ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशीला ठेव आणि पुण्याच्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा कर, लॅबच्या फ्रीजमध्ये विद्यार्थ्याबरोबर मेलेले स्ट्रेन मी फार बघितलेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. तुझं काम वर्सोव्यात आहे, सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, दोन पावलांवर आहे, तिथल्या फिश प्रोसेसिंगच्या लोकांना जाऊन भेट, हिस्टामिन मोजायची सोय विचार.

ह्या आठवड्यात एवढंच कर: आत्ताच्या तिन्ही कल्चरना बाईल एस्क्युलिन आणि ४५ डिग्री लाव, आणि त्याच जवळ्याचं नवं सॅम्पल पीएच ९.५, सात टक्क्यांच्या ब्रॉथमध्ये टाक. सध्याच्या ट्यूब चाखायच्या-हुंगायच्या नाहीत, काम झालं की ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. अल्कली ब्रॉथमध्ये काही आलं की ब्रॉथचा फोटो आणि पीएचचा आकडा दोन्ही पाठव, पुढचा मीडिया त्यावरून ठरवू.